धाकट्या आजीचा उजवा डोळा

तुम्हाला फोनवर आम्ही एवढंच सांगितलं होतं की धाकट्या आजीच्या डोळ्याला लागलं आहे आणि उपचार चालू आहेत. ते खरं होतं, पण अपुरं होतं. तुम्ही इतक्या लांब. अर्धवट बातमीने नुसती काळजी वाढते, म्हणून काय तो निकाल लागल्यावरच सगळं सांगायचं असं आम्ही घरात ठरवलं. आता निकाल लागला आहे आणि तो आनंदाचा आहे. तेव्हा पहिल्यापासून क्रमाने लिहिते. क्रम सोडून लिहिणं मला जमत नाही. तुमच्या आईला विचारा, तिच्या शाळेच्या वह्यांचे समाससुद्धा मी पट्टी धरून आखायला लावत असे.

आमचं गाव तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा फार लहान होतात. शेलूबाजारहून जीपने वीस मिनिटं. एकच अंगण आणि त्याला समोरासमोर दोन घरं. एक माझं, दुसरं तुमच्या धाकट्या आजोबांचं, म्हणजे माझ्या दिरांचं. त्यांची बायको, माझी जाऊ, ती तुमची धाकटी आजी. मी सारी नोकरी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात घालवली. तिने चौथीत शाळा सोडली, शेतात गेली आणि तिथेच रमली. दोन्ही घरांची शेती तीच पाहते. गाव मला 'बाई' म्हणतं, म्हणून तीही बाईच म्हणते. तिचा आवाज एवढा मोठा, की तिने मोबाइल घेतला तेव्हा दीर म्हणाले, "हिले मोबाइल कायले पाह्यजे? ही अंगणातून बोलली तरी मंगरूळपीरपर्यंत आयकू जाते."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमचं सोयाबीन निघत होतं. कापलेल्या झाडांचा ढीग शेतात लावतात आणि मळणीचं मशीन आलं की तो त्यात ढकलतात. एका बाजूने दाणे पडतात आणि दुसऱ्या बाजूने कुटार उडतं, म्हणजे शेंगांची टरफलं आणि काड्यांचा भुसा. ते टोकदार असतं. त्या दुपारी वारा फिरला आणि कुटाराचा झोत धाकट्या आजीच्या तोंडावर आला. उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. तिने पाण्याचे हबके मारले, पदराने पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. दीर म्हणाले, थांब जरा. तर त्यांनाच दटावलं, "येवढ्याशा कुटारासाठी मशीन थांबवता काय?"

संध्याकाळी घरी आली तेव्हा डोळा लालभडक झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं. शेजारची म्हातारी धावत आली. आमच्या गल्लीत कोणाच्याही डोळ्यात कचरा गेला की ती जिभेच्या टोकाने काढून देते. ही तिची ख्याती आहे. तिने पदर खोचला, धाकट्या आजीची हनुवटी धरली आणि जीभ बाहेर काढली, तेवढ्यात मी मध्ये पडले.

"हे असलं माझ्या डोळ्यांदेखत चालणार नाही," मी म्हणाले. "जिभेवर किती जंतू असतात माहीत आहे का?"

"बाई, माही जीभ नातवाच्या डोळ्यात चालते अन् हिच्या डोळ्यात नाई चालत?" म्हातारी रागावून निघून गेली. पुढे पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

जीभ थांबवली हे मी बरोबरच केलं. चूक त्यानंतर केली.

माझा औषधांचा डबा तुम्हाला माहीत आहे. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा, आत पुठ्ठ्याचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. ताप, पोट, गुडघे, डोळे. 'डोळे' या कप्प्यात माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. मी चष्मा लावून बाटलीवरची तारीख पाहिली, मुदत शिल्लक होती. हात साबणाने धुतले. सगळं कसं शिस्तीत. मग दिवसातून तीन वेळा दोन-दोन थेंब मी स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यात घातले.

दुसऱ्या दिवशी लाली उतरली. धाकट्या आजीने गल्लीभर सांगितलं, "बाईच्या इंग्रजी औषधानं पाह्य कसा झाला डोळा! जीभ लावली असती तं बसलो असतो बोंबलत." मला ते ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू.

चौथ्या दिवशी सकाळी ती उजेडात डोळा उघडू शकेना. मी पापणी वर करून पाहिली. काळ्या बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

वाशिमच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं आणि एक मिनिटही न दवडता अकोल्याची चिठ्ठी दिली. आम्ही तसेच निघालो, दीर, ती आणि मी. अकोल्याच्या दवाखान्यातली डोळ्यांची डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी असेल. तिने धाकट्या आजीची हनुवटी मशीनवर टेकवली, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "काकू, डोळ्यात काय काय टाकलं?"

"काई नाई वो. पाण्यानं धुतला नुसता."

"तूप? मध? कोणाचं दूध?"

"काईच नाई म्हन्ते ना."

आणि तिने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मी शिकलेली, बाई म्हणून मिरवणारी. माझं नाव एवढ्याशा पोरीसमोर खाली जाऊ नये म्हणून ती डोळा फुटायच्या वेदनेतही खोटं बोलत होती. मी गप्प राहिले. खोटं का बोलू, चांगल्या पाच-सहा श्वासांइतका वेळ गप्प राहिले. मग पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरने ती उलटसुलट करून वाचली. "हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणीही नाही. मीच दिलं."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, कुटार डोळ्याला लागलं की त्याच्यासोबत बुरशी आत जाते. तुमच्या थेंबांनी लाली कमी होते, त्यामुळे बरं वाटतं, पण बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. आणि फोडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची असते, वरची तारीख काहीही असो." मग म्हणाली, "सांगितलंत ते फार बरं केलंत. आता मला नीट शोधता येईल."

तिने ठिपक्याचा किंचितसा अंश खरवडून तपासायला दिला. बुरशीच निघाली. डोळा राहील का, असं दिरांनी विचारलं. ती म्हणाली, डोळा वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. नजर किती वाचेल ते आज सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मला रडू आवरेना. धाकटी आजी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तुमी रडू नोका, बाई. माहा एक डोळा पट्टीत हाये. तुमचेबी दोन्ही पाण्यानं भरले तं रस्ता कोन दाखवन? ह्यायले तं चष्म्यातूनबी यष्टीची पाटी दिसत नाई." दीर शेजारीच होते. "मले सारं दिसते," ते म्हणाले. "तुहं तोंड बंद झालेलं तेवढं अजून दिसलं नाई."

मग औषधाचे दिवस सुरू झाले. दुधासारखं पांढरं औषध, बाटली हलवून दर तासाला एक थेंब, पहिले काही दिवस तर रात्रंदिवस. मी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. आडवे तास, उभे दिवस, थेंब घातला की चौकटीत खूण. रात्रीचे तास दिरांनी घेतले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, तो मोबाइलचा गजर लावून उठायचा आणि सकाळी मला सगळ्या खुणा दाखवायचा, गृहपाठ दाखवावा तसा. एका चौकटीत खूण नव्हती, तर मी लाल पेनाने गोल केला. ते म्हणाले, "वहिनी, थेंब टाकला होता, खून करायची राह्यली." धाकटी आजी आतून ओरडली, "खून करायचीच राह्यली फक्त! बाकी तं रोज डोळ्यात बोट खुपसते मानूस!"

एका डोळ्याने जगणं म्हणजे अर्धं दिसणं, असं मला वाटत होतं. तसं नसतं. तिला दिसत सगळं होतं, पण कोणती वस्तू किती लांब आहे ते कळेनासं झालं होतं. चहा ओतायची तो कपाच्या अलीकडे, बशीत. पायरी आहे तिथे पाय अधांतरी आणि नाही तिथे दाणकन. भाकर तव्यावर टाकायची ती अर्धी चुलीच्या कडेवर लोंबकळायची. उजवीकडून कोणी आलं की दचकायची, म्हणून आम्ही सगळे तिच्या डावीकडून येऊ लागलो. म्हशीला ते कोण सांगणार? म्हैस आपली रोज उजवीकडूनच शिंगं हलवत यायची आणि रोज शिव्या खायची.

हळूहळू तिने स्वतःच युक्त्या काढल्या. किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायची, 'टिक' असा आवाज आला की ओतायचं. पायरीला आधी चपलेचं टोक लावायचं. सुईत दोरा मात्र ओवता येईना. ते काम तिने मला दिलं आणि दोरा ओवताना मी किती वेळ लावते ते मोजायला बसली.

दोन महिन्यांनी जखम भरली. बुरशी गेली, डोळा वाचला. पण बुबुळावर, अगदी मधोमध, पांढरा डाग राहिला. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कोणी दिलं असेल, मला आजवर कळलेलं नाही. त्या डोळ्याने तिला तोंडासमोर धरलेली बोटं कशीबशी मोजता येत. त्यापलीकडे सगळं धुकं. डॉक्टर म्हणाली, "महिन्याने या. तेव्हा नीट नजर तपासू. चष्म्याने भागत असेल तर चष्मा. नाही तर बुबुळावरचं पारदर्शक पटल बदलावं लागेल, कोणीतरी दान केलेलं."

परतताना जीपमध्ये धाकटी आजी एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबतीत ही भीतीदायक गोष्ट होती. घरी आल्यावर माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मले त्या परीक्षेत पास करा."

"कोणत्या परीक्षेत?"

"त्या भिताडावरच्या. तीन दांड्याचं अक्षर असते ना, थे कोन्या बाजूले हाये ते दाखवा म्हन्ते. माहं उजवं-डावं गोंधळते. तुमी बाई हायेत ना. शिकवा मले."

तो तक्ता तुम्हीही पाहिला असेल. इंग्रजी 'ई' हे एकच अक्षर, ओळीगणिक लहान होत जाणारं, कधी दांड्या वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो तो. धाकट्या आजीला वाचता येतं, पण अकोल्याला पहिल्याच दिवशी घाबरून तिने "मले लिहता-वाचता येत नाई" असं सांगून टाकलं होतं.

आता मला सांगा, सगळी हयात परीक्षांची तयारी करून घेण्यात गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? दवाखान्यातल्या तक्त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, कारण मी सगळ्याचेच फोटो काढून ठेवते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काळ्या स्केचपेनने मी तो हुबेहूब काढला, एकाही अक्षराची दिशा न चुकवता. दररोज चार वाजता चहानंतर सराव. मी पट्टीने अक्षर दाखवायची, ती बोटांनी दिशा करायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून बरं का! 'आधी दिशा पक्क्या होऊ देत,' असं मी स्वतःला सांगत होते.

आठवड्यात तिच्या दिशा पक्क्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या पट्टीकडे पाहीनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात भाकरी थापताना तिच्या घरातून चालीवर ऐकू येऊ लागलं, "वर गं बाई, खाली गं बाई, उजव्या हाती दोनदा, डाव्या हाती, खाली गं बाई..." म्हशीचं दूध काढतानाही तेच. दीरसुद्धा अंगण झाडताना गुणगुणू लागले. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण ती चष्म्यावर पास झाली तर माझ्या थेंबांनी फार काही बिघडवलं नाही असं ठरणार होतं, आणि ते मला फार हवं होतं.

महिन्याने आम्ही अकोल्याला गेलो. तिने नवं लुगडं नेसलं होतं, परीक्षेला जावं तसं. एका परिचारिकेने तिचा डावा डोळा झाकला आणि हातातली काठी पहिल्या अक्षरावर ठेवली.

"वर," धाकटी आजी म्हणाली. "खाली. उजवा. उजवा. डावा. खाली. वर..."

परिचारिका काठी पुढे पुढे नेऊ लागली, पण हिचा वेग काही आवरेना. घरची चाल डोक्यात बसलेली. काठी अजून तिसऱ्या ओळीच्या मध्यावर होती आणि धाकटी आजी पाचवी ओळ संपवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाबासकीची वाट पाहत बसली होती.

मग डॉक्टर उठली, भिंतीवरचा तक्ता काढला, उलटा केला आणि खालचं वर करून लावला. "आता सांगा, काकू."

"तेच तं सांगतलं ना आता. वर, खाली, उजवा, उजवा..."

परिचारिका तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. दीर छताकडे पाहू लागले. डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिक्षिका होता ना?"

मी मान डोलावली. पहिल्यांदा, बाटली काढताना, पाच-सहा श्वास लागले होते, या वेळी एकही लागला नाही. "तक्ता मी काढून दिला. सराव मीच घेतला."

"अहो, पण कशासाठी? काकू पास झाल्या असत्या तर मी नुसता चष्मा देऊन घरी पाठवलं असतं आणि हा डोळा जन्मभर धुक्यात राहिला असता."

यावर धाकटी आजी एकदम लहान मुलीसारखी बोलली. "मले दुसऱ्याचा डोळा नोको. शेलूबाजारच्या बाजारात एक जन सांगत होता, मेलेल्या मानसाचा डोळा लावला की मंग त्याचंच घरदार दिसते. मी माह्या घरी बसून लोकायचं घर कायले पाहू? अन् थो मानूस रागीट असला तं? मी तं आधीच अशी."

डॉक्टर हसली नाही. तिने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. "काकू, ह्याची काच फुटली तर काय करता?"

"काच बदलतो."

"मग घड्याळ दुसऱ्याची वेळ दाखवतं?"

"नाई. वेळ आपलीच राह्यते."

"तसंच आहे. डोळा तुमचाच राहणार. समोरची काच फक्त बदलायची."

धाकट्या आजीने घड्याळ कानाला लावलं, काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मंग आधी काहून नाई सांगतलं? म्या महिनाभर ते वर-खाली पाठ करून राह्यलो." तिचं नाव पटलासाठीच्या यादीत लागलं.

वाट पाहण्याचे महिने कसे गेले ते लिहीत बसत नाही. उन्हाळा लागला. एका सकाळी अंगणात कुरडयांचा मोठा घाट घातला होता. गव्हाचा चीक शिजून रटरटत होता, गल्लीतल्या चार-पाच जणी जमल्या होत्या आणि धाकटी आजी साच्याने खाटेवर कुरडया घालत होती, अर्ध्या खाटेवर आणि अर्ध्या स्वतःच्या पायावर. माझा मोबाइल वाजला. दवाखान्यातून होता. पटल मिळालं आहे, संध्याकाळपर्यंत या.

"आज?" ती म्हणाली. "चीक गार झाला तं गोळा होईन. उद्या या म्हना."

तेव्हा शेजारची म्हातारी, तीच, जिला मी जिभेवरून बोलले होते, पुढे आली आणि तिने साचा हिसकावून घेतला. "जाय माय. चीक आमी पाह्यतो. तुह्या कुरड्या आधीच शेनाच्या गवऱ्यायसारख्या होऊन राह्यल्या, वरून तुले अजून घालाच्या हायेत!" जीपमध्ये बसेपर्यंत धाकट्या आजीच्या कोपराला चीक वाळत होता. तो मी पाण्याच्या बाटलीने वाटेत धुतला.

संध्याकाळी तिने डॉक्टरला विचारलं, पटल कोणाचं. नाव सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाली. एवढंच सांगते की ती व्यक्ती गेल्यावर घरच्यांनी वेळेत फोन केला. धाकटी आजी म्हणाली, "आज त्यायच्या घरी चूल नसन पेटली." आणि त्या दिवशी तीही जेवली नाही. ऑपरेशनमुळे जेवायचं नाही असं दवाखान्यातून कोणी सांगितलेलं नव्हतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टर समोर उभी होती. "काय दिसतं, काकू?"

"पांढरं काईतरी हाये. उभं. हलून राह्यलं." डॉक्टरच्या कोटाला हात लावून ती म्हणाली, "हे!"

पहिल्या दिवशी एवढं दिसणं पुष्कळ झालं, असं डॉक्टर म्हणाली. टाके केसापेक्षा बारीक धाग्याचे असतात आणि नजर महिन्यामहिन्याने सुधारते. मग तिने थेंबांची चिठ्ठी लिहून दिली. औषध हातात घेऊन मी नाव वाचलं आणि तिथेच उभी राहिले. माझ्या डब्यातल्या बाटलीतलं औषध होतं ते, त्याच जातीचं. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाली, "हो मॅडम. आता बुरशी नाही, नवं पटल आहे. ते शरीराने नाकारू नये म्हणून आता हेच लागतं. तेव्हा जे नको होतं, ते आता हवं." मी बाटलीवर फोडल्याची तारीख लिहिली, मोठ्या अक्षरात. धाकटी आजी म्हणाली, "म्हंजे बाईचं औषध बरोबरच होतं. जरा घाई केली बाईनं." इतके महिने माझ्या मनात जे दुखत होतं, ते तिने त्या एका वाक्यात उचलून बाजूला ठेवलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी आणि दिरांनी नेत्रदानाचे अर्ज भरले. मला वाटलं होतं, मोतीबिंदू झालेले माझे डोळे कोण घेणार? पण पटल चांगलं असेल तर तेही चालतात. माझा कागद औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, फोन नंबरासकट. तुमच्या आईला सांगून ठेवलं आहे. तुम्ही घाबरू नका, मला अजून पुष्कळ लाल गोल करायचे आहेत.

आता शेवटचं, आणि यात तुम्हीही आहात. सहा महिन्यांनी तिला चष्मा मिळाला. पहिले दोन दिवस ती डावा डोळा तळहाताने झाकून घरभर फिरत होती. कडधान्याच्या काचेच्या बरण्यांसमोर उभी राहून तूर की चना ते सांगायची, मग बरणी उघडून बघायची. मी शेजारी असले की म्हणायची, "तुमी बोलू नोका, तुमी शिकवून टाकता." तिला असं काहीतरी पाहायचं होतं जे तिला आधीपासून ठाऊक नसेल. आमच्या घरातलं सारं तिला ठाऊक आहे. मग रविवार आला आणि तुमचा व्हिडिओ फोन.

तुम्हाला तेव्हा वाटलं असेल की ही आजी फोन आला की एक डोळा झाकून का बसली आहे आणि "मांगं सरक, अजून मांगं, भिताडाला लाग" असं का ओरडते आहे. तुमचं घर तिने कधी पाहिलेलं नाही. तुमच्या मागे काय आहे, कोणी काय रंगाचं घातलं आहे, यातलं काहीच तिला पाठ असणं शक्य नव्हतं. तिने मोबाइल हातभर लांब धरला. तुमची खिडकी सांगितली. खिडकीबाहेर पांढरं काहीतरी आहे म्हणाली आणि तुम्ही बर्फ आहे म्हणून नाचलात. मग तुमच्यापैकी धाकट्याला तिने बोटं दाखवायला सांगितली.

"तीन!" ती म्हणाली.

"नाही आजी, दोन! दोनच बोटं आहेत, तिसरी पेन्सिल आहे!"

तुम्ही दोघे हसून हसून लोळलात. तुम्हाला वाटलं, आजी चुकली. इकडे ती माझ्याकडे वळली. डावा डोळा अजून तळहाताखालीच होता आणि उजवा, चष्म्याआडून, असा लखलख करत होता की मी पाहतच राहिले.

"आयकलं काय, बाई?" ती म्हणाली. "पेन्सिलबी दिसली मले!"